टोकियोत आठवडाभर आहात? राजवाड्याभोवतीचे पाच किलोमीटर पळा

रोज पळणारी माणसं परदेशी गेली की पळणं सोडतात. बूट बॅगेत असतात, इच्छाही असते. पण सकाळी हॉटेलच्या दारात उभं राहिल्यावर कुठे वळायचं, सिग्नल किती, परत कसं यायचं हे सगळं तिथल्या तिथे ठरवावं लागतं आणि पायांआधी डोकं थकतं. दोनदा असं झालं की तिसऱ्या दिवशी बूट बाहेर निघतच नाहीत. म्हणून माझं ठाम मत आहे की नवीन शहरात वाट शोधणं आणि पळणं ही दोन कामं वेगळी ठेवावीत. शहर बघायचं ते चालत बघावं. पळण्यासाठी एकच सोपी, गोल, बिनसिग्नलची फेरी पकडावी आणि आठवडाभर तीच मारावी.

टोकियोत अशी फेरी तयार आहे. सम्राटाच्या राजवाड्याभोवती, म्हणजे जुन्या एदो (टोकियोचं जुनं नाव) किल्ल्याच्या खंदकाकडेने, पाच किलोमीटरचा रस्ता आहे. फुटपाथ खंदकाला लागून असल्यामुळे वाटेत एकही सिग्नल ओलांडावा लागत नाही. एवढ्या मोठ्या शहराच्या पोटात सलग पाच किलोमीटर न थांबता पळता येणं ही फार मोठी सोय आहे. पळायची दिशा ठरलेली आहे: घड्याळाच्या काट्यांच्या उलट. देवळातल्या प्रदक्षिणेच्या बरोबर उलट म्हटलं तर लक्षात राहील, कारण इथे राजवाडा कायम डाव्या हाताला ठेवायचा. तसा नियम फलकांवर लिहिलेला आहे आणि लोक तो पाळतात.

सुरुवात साकुरादामोन या किल्ल्याच्या जुन्या दरवाज्यापासून करा. त्याच नावाचं मेट्रो स्टेशन आहे, समोर पोलीस मुख्यालयाची मोठी इमारत आहे, त्यामुळे चुकायची भीती नाही. याच दरवाज्याबाहेर १८६० साली शोगुनच्या, म्हणजे तेव्हाच्या लष्करी शासकाच्या, राजवटीतला सर्वांत बलाढ्य मंत्री ई नाओसुके याचा खून झाला होता. दरवाजा जुन्या किल्ल्यांच्या पद्धतीचा, दुहेरी आहे. एका चौकटीतून आत शिरलं की काटकोनात वळून दुसरीतून बाहेर पडायचं. आपल्या गडांच्या दरवाज्यांसारखंच, शत्रूचा वेग मोडण्यासाठी. तुमचाही तिथे मोडू द्या. वळणापलीकडून कॅमेरा डोळ्याला लावलेला पर्यटक येत असतो आणि पाऊस पडून गेला असेल तर दगडी फरशी निसरडी असते.

दरवाज्यातून बाहेर पडलं की पाइनच्या झाडांचं मोठं मैदान लागतं. तिथून ओतेमोन दरवाजा आणि पुढे ताकेबाशी पुलापर्यंत दोन किलोमीटरांहून थोडा जास्त सपाट रस्ता आहे. नवख्याची चूक होते ती इथेच. सपाट रस्ता, उजवीकडे मारुनोउची या ऑफिसांच्या भागातल्या उंच इमारती, बाजूने सरसर जाणारे लोक, सगळ्याचा परिणाम म्हणून वेग वाढतो. ताकेबाशीला डावीकडे वळताच चढ सुरू होतो आणि तो हानझोमोन दरवाज्यापर्यंत सोडत नाही. चढाची एकूण उंची तीस मीटरच्या आसपास आहे, म्हणजे पर्वती चढणाऱ्याला काहीच नाही. पण दम आधीच संपला असेल तर हाच चढ छाती भरवतो. सपाटीवर शेजाऱ्याशी पूर्ण वाक्यात बोलता येईल एवढाच वेग ठेवा, चढावर पावलं आखूड करा, नजर दहा मीटर पुढे ठेवा. हानझोमोनपासून साकुरादामोनपर्यंत सलग उतार आहे. डावीकडे खाली रुंद खंदक, हिरवे उतार, समोर शहर, हा फेरीतला सर्वांत देखणा तुकडा. उतारावर टाच आपटत पळू नका. दुसऱ्या दिवशी मांड्यांच्या पुढच्या बाजूला जी दुखरी कणकण जाणवते, ती या उताराची असते.

एक बारीक गोष्ट बघण्यासारखी आहे. फुटपाथवर दर शंभर मीटरला एक छोटी चौकोनी पाटी बसवलेली आहे आणि तिच्यावर एकेका प्रांताचं फूल कोरलेलं आहे. ही नुसती शोभा समजू नका. मारुनोउचीकडच्या काचेच्या इमारतींवरून जीपीएसचा सिग्नल उलटून येतो, घड्याळ कधी किलोमीटरला साडेचार मिनिटांचा वेग दाखवतं, कधी नऊचा. अशा ठिकाणी घड्याळाकडे बघून वेग बदलत बसू नका. दोन फुलांमधला वेळ मोजा. ४२ सेकंद लागले तर किलोमीटरला सात मिनिटं, ३६ लागले तर सहा. हॉटेलबाहेर पडताना घड्याळाला सिग्नल पकडू द्या आणि मगच बटण दाबा, म्हणजे सुरुवातीचा गोंधळ तरी टळतो.

आता वेळेचं. हा भाग नीट वाचा, कारण इथे हौशी लोक स्वतःचं नुकसान करून घेतात. टोकियो आपल्यापेक्षा साडेतीन तास पुढे आहे. पुण्यात सहाला उठणाऱ्याचं शरीर तिथे साडेनऊला उठायला तयार असतं. शरीराचं तापमान उठण्याच्या साधारण दोन तास आधी सर्वांत खाली असतं, म्हणजे पहिल्या दिवशी टोकियोच्या साडेसातला. त्या क्षणानंतर डोळ्यांवर पडलेला उजेड शरीराचं घड्याळ पुढे सरकवतो, म्हणजे आपल्याला हवं तसं. त्याआधी पडलेला उजेड ते उलट मागे ढकलतो. जूनमध्ये टोकियोत साडेचारच्या आधीच सूर्य उगवतो. पहिल्याच पहाटे पाचला उत्साहाने पळायला गेलात तर घड्याळ चुकीच्या दिशेला जातं आणि पुढचे तीन दिवस दुपारी मीटिंगमध्ये डोळे मिटतात. पहिल्या दोन दिवशी एकतर साडेआठनंतर पळा किंवा संध्याकाळी सहा-सातला, जेव्हा शरीराच्या हिशोबात दुपारचे अडीच-साडेतीन असतात. घड्याळ दिवसाला साधारण एक तास सरकतं. चौथ्या दिवसापासून पहाटेचं पळणं बिनघोर करा.

विमानातून उतरल्यावर पहिल्या दिवशी वीस-पंचवीस मिनिटांच्या वर नको. रात्रभर बसून पाय सुजलेले असतात, पोटऱ्या आखडलेल्या असतात, शरीरात पाणी कमी असतं. या तिन्ही गोष्टी एकत्र आल्या की पोटरीत गोळा येतो. सात दिवसांच्या मुक्कामात चार वेळा पळणं पुष्कळ झालं: दोनदा एकेक सावकाश फेरी, एकदा ताकेबाशीचा चढ जोर लावून, शेवटी जमलं तर दोन फेऱ्या. एका आठवड्यात अंतर कमी झाल्याने दमसास जात नाही, मात्र एकदा तरी जोरात पळलेलं असावं.

गर्दी कधी असते? कामाच्या दिवशी संध्याकाळी साडेसहा ते साडेआठ. ऑफिसं सुटली की शेकडो लोक उतरतात. तेव्हा दोघं शेजारी शेजारी पळू नका, अरुंद जागी वेग कमी करा, चालणाऱ्याला आधी जाऊ द्या. हा रस्ता पळणाऱ्यांच्या मालकीचा नाही, तो सगळ्यांचा फुटपाथ आहे, सायकलीही येतात. मार्चअखेर ते एप्रिलच्या सुरुवातीला चिदोरिगाफुची या खंदकाच्या बाजूला चेरी फुलते, त्या आठवड्यात तिथे पळण्याचा हट्ट न धरता चालावं. २ जानेवारी आणि २३ फेब्रुवारी, म्हणजे सम्राटाचा वाढदिवस, या दोन दिवशी राजवाड्यात लोकांना प्रवेश असतो, तेव्हा फेरीचा नाद सोडावा.

हॉटेलपासून राजवाड्यापर्यंत पोचताना मात्र सिग्नल लागतातच. जपानात गाड्या आपल्यासारख्याच डावीकडून चालतात, त्यामुळे रस्ता ओलांडताना आपली नजर आपोआप बरोबर बाजूला जाते. युरोप-अमेरिकेत हे उलटं असतं आणि आपली माणसं तिथेच फसतात. पण एक धोका इथेही आहे. माणसाचा हिरवा दिवा लागलेला असताना त्याच रस्त्यावर वळणाऱ्या गाड्यांनाही हिरवा असतो. त्यांनी थांबायचं असतं आणि बहुतेक थांबतात, तरी मागच्या खांद्यावरून एकदा बघाच. हिरवा लुकलुकायला लागला की धावत सुटू नका, पुढच्या वेळेची वाट बघा. जिथे फुटपाथच नाही अशा गल्लीत उजव्या कडेने, समोरून येणाऱ्या गाड्यांकडे तोंड करून जायचं.

फुटपाथवर पिवळ्या उंचवट्यांची पट्टी दिसेल. ती अंधांसाठी आहे. तिच्यावरून पळणं दोन कारणांनी वाईट: एक म्हणजे ती वाट दुसऱ्या कोणाची आहे. शिवाय ते पाच मिलिमीटर उंचीचे गोल उंचवटे पावसात साबणासारखे होतात आणि घोटा मुरगळायला तेवढी उंची पुरते. लोखंडी मॅनहोलच्या झाकणांचंही तेच. जून-जुलैच्या पावसात यांच्यावर पाय पडणार नाही एवढं बघा.

सोबत काय? पासपोर्ट. जपानात थोड्या मुदतीच्या पाहुण्याने तो कायम जवळ बाळगणं कायद्याने बंधनकारक आहे, खोलीत ठेवून जाणं बरोबर नाही. तिथे राहणाऱ्यांनी रेसिडेन्स कार्ड ठेवायचं. घामाने पासपोर्टची पानं फुगतात, म्हणून झिपच्या प्लास्टिक पिशवीत घालून कमरेच्या पट्ट्यात ठेवा. त्याच पिशवीत हॉटेलचं कार्ड ठेवा, जपानी अक्षरांत पत्ता असलेलं. बहुतेक रस्त्यांना तिथे नावंच नसतात, पत्ता गटांच्या आणि घरांच्या आकड्यांवर चालतो, त्यामुळे ‘अमुक रोडवर हॉटेल आहे’ असं सांगून कोणाला कळत नाही. वाट चुकली तर कोबान, म्हणजे चौकाचौकांतली छोटी पोलीस चौकी, शोधा आणि कार्ड दाखवा. पोलिसांचा नंबर ११०, रुग्णवाहिकेचा ११९. सुइका कार्ड (आधी पैसे भरून ठेवायचं प्रवासाचं कार्ड) किंवा फोनमधली सुइका असली की परतीचं मेट्रोचं तिकीट आणि पाण्याची बाटली दोन्ही त्यात भागतात.

पाणी वाहून नेण्याची गरज नाही, दर थोड्या अंतरावर मशिन आहे. दीडशे येनच्या आसपास पाणी किंवा पोकारी स्वेट हे क्षारांचं पेय मिळतं. बटणाखालची पट्टी निळी असेल तर थंड, लाल असेल तर गरम. हिवाळ्यात घाईत लाल दाबलं की पळून आल्यावर हातात वाफाळता कॉफीचा डबा येतो. कचराकुंड्या मात्र फार कमी आहेत. मशिनशेजारच्या डब्यात फक्त बाटल्या आणि कॅन टाकायचे, पळताना खायच्या एनर्जी जेलचं पाकीट खिशात घालून परत न्यायचं.

खाण्याबाबत शाकाहारी लोकांनी एक ध्यानात ठेवावं. दुकानातल्या ओनिगिरीत (भाताच्या गोळ्यात) वरून भात आणि आंबट प्लम दिसत असला तरी मसाल्यात माशाचा अर्क असू शकतो. पळण्याआधी अर्धा तास एक केळं पुरतं, ते सुटं मिळतं. घरून शेंगदाण्याची चिक्की किंवा राजगिऱ्याचे लाडू नेले तर सगळा प्रश्नच मिटतो.

ऑगस्टमध्ये उन्हाइतकाच दमटपणा मारतो. तिथे उष्णता, दमटपणा आणि ऊन मिळून एक निर्देशांक रोज जाहीर होतो. तो ३१ च्या वर असेल तर व्यायाम करू नये असा तिथल्या क्रीडा संघटनेचा सल्ला आहे, आणि मुंबईच्या घामाची सवय असलेल्यांनीही तो ऐकावा. जानेवारीत पहाटे तापमान एक-दोन अंशांवर असतं पण हवा कोरडी आणि आकाश स्वच्छ असतं. पूर्ण बाह्यांचा एक पातळ टीशर्ट, वर वारा अडवणारं जॅकेट आणि हातमोजे एवढं बास. सुरुवातीला थोडी थंडी वाजली पाहिजे. वाजली नाही, तर दोन किलोमीटरवर जॅकेट कमरेला बांधावं लागणार.

हॉटेल लांब असेल तर रनिंग स्टेशन वापरा, तिथले लोक त्याला ‘रानसुते’ म्हणतात. राजवाड्याच्या परिसरात अशी अनेक आहेत. हजार येनच्या आसपास लॉकर आणि शॉवर मिळतो, बऱ्याच ठिकाणी टॉवेल आणि बूटही भाड्याने मिळतात. ऑफिसच्या कपड्यांत जायचं, बदलायचं, पळायचं, अंघोळ करून बाहेर पडायचं. घामाने निथळत सकाळी आठच्या मेट्रोत शिरण्यापेक्षा हे शंभर पटींनी बरं.

टोकियोच्या पूर्वेकडच्या निशिकासाई भागात राहणाऱ्या मराठी कुटुंबाकडे उतरणार असाल तर रोज राजवाड्यापर्यंत जाण्याची गरज नाही. पश्चिमेला पंधरा-वीस मिनिटं चालत गेलं की अराकावा नदीचा काठ आहे. सपाट, मोकळा, हवा तितका लांब. तिथे सावली नाही आणि वारा जोराचा असतो, म्हणून जाताना वारा अंगावर घ्या आणि येताना पाठीवर. उलट केलं तर घामाने भिजलेल्या अंगावर समोरून वारा येतो आणि शेवटचे दोन किलोमीटर जड जातात.

बूट ओले झाले तर हॉटेलच्या रिसेप्शनवरून जुनी वर्तमानपत्रं मागून घ्या. आतला सोल काढायचा, कागद चुरगळून टाचेपासून बोटांपर्यंत ठासायचा, दोन तासांनी तो काढून नवा भरायचा आणि बूट एसीच्या झोतासमोर आडवे ठेवायचे. हेअर ड्रायर नको, गरम हवेने गोंद सुटतो. रात्री दहाला भरलेले बूट सकाळी सहापर्यंत घालण्याजोगे होतात.