सूझी किंगचं पुस्तक, चौथा रविवार: सहाही फर्मे शिवून झाले

एका जुन्या पुस्तकाचं स्कॅन छापून मी ते हाताने बांधतोय. मागच्या वेळची प्रत बाद धरा. दुकानात पाठपोट छापताना मागची बाजू उलटी पडली आणि ते माझ्या लक्षात आलं घड्या घातल्यावर. पैसे पाण्यात. या खेपेला एक फर्मा (एकत्र दुमडून शिवायचा पानांचा गठ्ठा) आधी छापून, दुमडून, पानं मोजून मगच बाकीच्यांना हो म्हटलं.

नव्याने येणाऱ्यांसाठी: पुस्तक सूझी किंग टेलरच्या आठवणींचं, बॉस्टन, 1902. प्रकाशक ती स्वतःच. मूळ प्रत माझ्या खिशाला झेपणारी नाही, पण स्कॅन मोफत मिळतं. सुरुवातीची 12 आणि मजकुराची 82 पानं, दोन कोरी धरून 96, म्हणजे 16 पानांचे बरोबर सहा फर्मे. असा हिशेब जुळला की मला उगाच शुभशकुन वाटतो.

जॉर्जियात गुलामीत जन्मलेली ही मुलगी अमेरिकन यादवीत, 1862 मध्ये, मुक्त झालेल्या गुलामांच्या पलटणीत पोचली. कागदोपत्री धोबीण; प्रत्यक्षात जखमींची शुश्रूषा, बंदुका साफ करणं आणि शिपायांना लिहा-वाचायला शिकवणं. चार वर्षं तीन महिने, एक डॉलरही न घेता. नवरा एडवर्ड किंग त्याच पलटणीत सार्जंट. युद्धातून जिवंत सुटला आणि 1866 मध्ये गेला. तेव्हा ती 18 वर्षांची आणि पोटुशी. पुढे शाळा काढली, ती चालली नाही, मग लोकांच्या घरी काम. हे सगळं ती भराभर उरकते. स्वतःविषयी रडगाणं नाही, याचं मला फार अप्रूप.

आता शिलाई. ए-फोर कागद मधोमध दुमडला की ग्रेन, म्हणजे कागदातल्या तंतूंची दिशा, घडीला आडवा जातो, घडी तडकते. म्हणून मोठा ताव आणून उभ्या ग्रेनने कापून घेतला. जुजबंदी (फर्मे एकमेकांना शिवत जाणं), मेण लावलेला दोरा, पाच भोकं. खळ मैद्याची, चिमूटभर मोरचूद घालून. तरी कणा, म्हणजे पुस्तकाची शिवलेली बाजू, फुगलाय, दोरा जाड घेतला ही माझीच चूक.

मुखपृष्ठाचा बेत मात्र बदलला. लाल कापडावर सोनेरी अक्षरं घेणार होतो. पण फर्मे लावताना एका जागी थबकलो. जॉर्जियातल्या सव्हाना शहरात लहानपणी सूझी एका स्वतंत्र कृष्णवर्णीय बाईकडे चोरून शिकायला जायची. मुलं एकेक करून आत शिरत, आणि पोलिसांना किंवा गोऱ्यांना दिसू नयेत म्हणून पुस्तकं कागदात गुंडाळलेली असत. आपण जूनमध्ये वह्यांना कव्हरं घालायचो, ती मळू नयेत म्हणून!

तेव्हा साधं कॅलिको (सुती कापड), वर नाव नाही, आणि बाहेरून खाकी कागद. त्याआधी कणा दाबायला हवा. पुण्यात कोणाकडे लाकडी शिकंजा असेल तर दोन दिवसांसाठी द्याल का? सध्या पाटा ठेवलाय वर.