मी आलो

रविवार, रात्री साडेदहा

संध्याकाळी चिनूचा व्हिडिओ कॉल. दूध उतू चाललं म्हणून "थांब रे, आलो मी" म्हणत आत गेले. परत येते तर पोरगं हसून लोळतंय. "आजी, आलो काय? तू मुलगा आहेस का?" मागून सुमीही हसली. हसू देत. पण मी लगेच म्हटलं, "आले, आले."

ते 'आले' तेव्हापासून घशात अडकून बसलंय. कुणी सांगितलं होतं बदलायला? आई शेवटच्या आजारातही "दमलो गं मी" म्हणायची. आमच्या बेळगावातल्या शहापुरात कुठली बाई "दमले" म्हणते? सुमी स्वतः कॉलेजपर्यंत "जेवलो"च म्हणायची. पुण्याला गेली आणि... जाऊ दे.

'द नेमसेक' कादंबरी परत काढली. झुंपा लाहिरींचा तो गोगोल. बंगाल्यांत घरचं नाव वेगळं, बाहेरचं वेगळं. शाळेत घालताना आईबाप त्याला निखिल म्हणून नाव देतात, आणि पाच वर्षांचं पोर त्याला ओ देत नाही. अठराव्या वर्षी मात्र कोर्टात जाऊन तेच नाव आपणहून घेतो. मागे वाचलं तेव्हा त्याच्या आईसाठी जीव तुटला होता, कलकत्ता सोडून अमेरिकेतल्या थंडीत एकटी पडलेली आशिमा. आज तिचा हेवा वाटला. ती निदान विमानात बसून गेली होती. बाबा जन्मले तेव्हा शहापूर सांगली संस्थानात, मी म्हैसूर राज्यातली, सुमी कर्नाटकातली. घर तेच, आडही तोच. १ नोव्हेंबर २०१४ पासून बेळगावचंही बाहेरचं नाव बेळगावी. माझ्या मराठीला शेजारच्या कन्नड बायका कधी हसल्या नाहीत. हसलं ते पुण्यातलं माझंच घर. म्हणून लागलं. आणि त्याहून जास्त लागलं माझं ते घाईघाईचं 'आले'.

नऊला ताईला फोन लावला. "काय करायलीस?"

"निजायलो की. का गं?"

काही नाही म्हटलं. नुसतं ऐकत बसले.

चिनूचा काय दोष? त्याच्या कानावर पडतं तेच तो बोलणार. ही वही तरी मी कुठं घरच्यासारखी लिहिते? 'गेले', 'बसले', शाळेतल्या बाईंनी लावलेलं वळण. पन्नास वर्षं दोन्ही सांभाळलं, कुठलंच परकं वाटलं नाही. पुढच्या रविवारी हसला तर हसू दे, मी 'आलो'च म्हणणार.

दूध विरजायचं राहिलंय. विरजून येतो.