पोखरा ते जोमसोम: वीस मिनिटांचं विमान

नेपाळमधल्या मुक्तिनाथच्या दर्शनाला निघालेल्या माणसाला पोखऱ्यात सगळे एकच विचारतात, "जीप की विमान?" आम्ही जाताना विमान आणि येताना जीप असं ठरवलं होतं.

पोखरा ते मुक्तिनाथच्या वाटेवरचं जोमसोम हे हवाई अंतर सुमारे 70 किलोमीटर, उड्डाण वीसेक मिनिटांचं. रस्ता मात्र बेनी, तातोपानी, घासा करत दीडशे किलोमीटरच्या पुढे जातो आणि जीपला आठ-नऊ तास सहज लागतात. पावसाळ्यात दरड आली की मग वेळेचं नावच काढू नये.

गंमत म्हणजे नकाशावर या दोन गावांमध्ये पट्टी ठेवली, तर ती 8,091 मीटरच्या अन्नपूर्णेला जवळजवळ घासून जाते. तिथून कुठलं छोटं विमान जाणार! म्हणून ते आधी पश्चिमेला वळतं, घोरेपानीच्या बाजूची डोंगररांग ओलांडतं आणि कालीगंडकी नदीच्या दरीत शिरून उत्तरेकडे निघतं. एकोणीस आसनांचं ट्विन ऑटर, वैमानिकाच्या काचेतून समोरचं सगळं आपल्यालाही दिसतं. उजवीकडे अन्नपूर्णा आणि नीलगिरी, डावीकडे 8,167 मीटरचा धवलगिरी. शिखरं खाली नसतात, खिडकीच्या वर असतात. मान वाकडी करून बघावं लागतं. विमानाचा पंख आणि कडा यांच्यात किती जागा आहे, हे मी मोजायचं टाळलं. मे 2022 मध्ये याच मार्गावर विमान कोसळून 22 जण गेले, ही बातमी आपल्याकडेही सगळ्यांनी वाचली होती. बसताना ती आठवतेच.

या मार्गाचं खरं वेळापत्रक वारा ठरवतो. ऊन चढलं की वरचा मुस्तांगचा उघडाबोडका प्रदेश तापतो, आणि दक्षिणेकडची हवा या अरुंद दरीतून जोरात वर ओढली जाते. दहा-अकरानंतर जोमसोमला उतरणं अवघड होतं, म्हणून विमानं सकाळीच. त्यात सकाळी पोखऱ्यावर ढग असले तर ते हटेपर्यंत तिकडे वारा सुटलेला असतो. आमच्या वेळीही तेच झालं. पहाटेपासून विमानतळावर बसलो, उड्डाण रद्द, दुसऱ्या दिवशी पुन्हा रांगेत. नेपाळचं घड्याळ आपल्यापेक्षा फक्त पंधरा मिनिटं पुढे आहे. तेवढ्यानेही सोबतच्या काकांना पहाटे उठवल्याचा राग आला होता. मुक्तिनाथची सहल आखताना हातात एक जादा दिवस ठेवाच. परतीच्या विमानाचं तिकीट लगेच दुसऱ्या दिवशीचं काढणाऱ्यांची मला काळजी वाटते.

आणखी एक गोष्ट एजंट सांगत नाहीत. पोखरा साधारण 800 मीटरवर, जोमसोम 2,700 च्या वर. वीस मिनिटांत शरीर जवळपास 1,900 मीटर उचललं जातं आणि त्याला त्याचा पत्ताच नसतो. उतरल्यावर उत्साहाने त्याच दिवशी जीप करून 3,700 मीटरच्या पुढे असलेल्या मुक्तिनाथला गेलं की डोकं ठणकतं, जिना चढताना धाप लागते. आमच्यातल्या दोघांचं तेच झालं. साठीच्या पुढची माणसं सोबत असतील तर पहिली रात्र जोमसोमला किंवा खाली मार्फाला काढावी, पाणी पीत राहावं, दर्शन दुसऱ्या दिवशी.

उतरताना जीपने हाडं खिळखिळी केली हे खरं. पण विमानातून चांदीच्या रेघेसारखी दिसलेली कालीगंडकी तिथे शेजारून वाहते, आणि गाडी थांबवून पात्रात शाळिग्राम शोधता येतात. आम्हाला एकही मिळाला नाही.