महालातला वाडा, महिना चौथा: ओसरीची भिंत आणि दारामागचे आकडे

ओसरीच्या पूर्वेकडच्या भिंतीवरचं सिमेंट एकदाचं निघालं. चार फूट उंच आणि अठरा फूट लांब एवढाच पट्टा, पण पाच रविवार खाल्ले त्यानं. ब्रेकर लावला असता तर दिवसात मोकळं झालं असतं. मागच्या जुन्या, पातळ विटा मात्र हादऱ्यानं सुटल्या असत्या, म्हणून सगळं छिन्नी-हातोडीनंच काढलं.

नव्यानं वाचणाऱ्यांसाठी थोडक्यात: हा नागपूरच्या महाल भागातला आमच्या आबांचा, म्हणजे आजोबांचा वाडा. दिवाळीत त्यांना जाऊन दोन वर्षं होतील. वाट्याचे चार जण आहेत, विकण्याची बोलणी मधूनमधून निघतात, आणि समोरची ओसरी व तिच्यावरचं कवेलूचं, म्हणजे मातीच्या कौलांचं छप्पर एवढी बाजू मी सुटीच्या दिवशी सांभाळते. सोबतीला एक म्हातारे मिस्त्री आहेत, ज्यांचं आयुष्य चुन्याच्या कामातच गेलं.

सिमेंटचं सांगायलाच हवं. बारा वर्षांपूर्वी भिंतीला खालून लोणा (ओलीबरोबर वर येणारे क्षार) लागला तेव्हा एका ठेकेदारानं हा पट्टा सिमेंटनं लिंपून दिला. आबा नको म्हणत होते. “भिंतीला श्वास घेऊ द्या,” हे त्यांचं नेहमीचं बोलणं. घरात कोणी ऐकलं नाही. मीही नाही. “सिमेंट पक्कं असतं आबा,” हे मीच त्यांना म्हटलं होतं.

पट्टा निघाल्यावर दिसलं ते असं: आतल्या विटा मे महिन्यातही ओल्या. नखानं खरवडलं की लाल भुगा हातात येत होता. पायातून चढणारी ओल चुन्याच्या गिलाव्यातून हळूहळू उडून जाते. सिमेंटनं ती वाट बंद केली, म्हणून ती आणखी वर चढली आणि पट्ट्याच्या वरच्या कडेला पांढरे क्षार फुलले. लोणा आधी दोन फुटांवर होता, तो आता सहा फुटांवर. सतरा विटा बदलाव्या लागल्या, त्या मागच्या पडलेल्या न्हाणीघरातून काढल्या. मापाला माप मिळालं.

आता चुना. कटनीचा कळीचा, म्हणजे न विरवलेला चुना आणला आणि मार्चमध्ये लोखंडी पिंपात पाण्यात विरवला. पहिल्यांदाच करणाऱ्यांनी नीट ऐका: पाण्यात कळी टाकायची, कळीवर पाणी ओतायचं नाही. दोन-तीन मिनिटं काहीच होत नाही, मग पिंप गदगदायला लागतं आणि पाणी खरोखर उकळतं. डोळ्यांवर गॉगल आणि हातात रबरी मोजे हवेतच. विरलेला चुना चाळून दोन महिने पाण्याखाली ठेवला; आता तो लोण्यासारखा थापीवरून घसरतो. मिश्रण एक भाग चुना, एक भाग सुरखी (विटांची पूड), दोन भाग कन्हान नदीची रेती. सुरखी कमी भाजलेल्या विटांची, घरीच कुटलेली. ओलीच्या भिंतीत चुन्याला धरून ठेवायचं काम तीच करते.

पहिला नमुना फसला. दोन फूट बाय दोन फूट गिलावा दुपारी अकराला लावला, बाहेर ४५ अंश. संध्याकाळपर्यंत कोळ्याच्या जाळ्यासारख्या भेगा. मिस्त्री बघून म्हणाले, “ताई, भिंत तहानलेली आहे अन् तुम्ही घाई करून राहिल्या.” चुना नुसता वाळून पक्का होत नाही. तो हवेतला कार्बन डायऑक्साइड शोषून पुन्हा दगड होतो, आणि त्यासाठी त्याला ओल लागते. दुसऱ्या वेळी आदल्या रात्री भिंत तीनदा भिजवली, सकाळी सहाला काम सुरू केलं, नऊला थांबवलं, वरून ओलं बारदान टांगलं. शेजारच्या काकू दिवसातून चारदा त्यावर पाणी मारत होत्या. दहा दिवस झाले, एकही भेग नाही. बोटांनी वाजवलं की भरीव आवाज येतो.

छपराकडे वळले तर माडीच्या दारामागे आबांचे आकडे सापडले. दरवर्षी मृगाच्या आधी ते स्वतः कवेलू फेरत आणि फुटलेल्यांची संख्या दाराच्या फळीवर पेन्सिलीनं लिहून ठेवत. “४२, उत्तर कोपरा.” “३८, उ. कोपरा.” “५५, उ.” कितीतरी वर्षं तोच कोपरा! बघायला वर गेले तर शेजारच्या कडुनिंबाचा पाला तिथल्या पन्हाळीत बसतो, पाणी मागे तुंबतं आणि खालचे फाटे, म्हणजे कवेलूंखालची लाकडं कुजतात. नुसती कवेलू बदलून ते थांबणारच नव्हतं. आता पन्हाळीला उतार वाढवून दिलाय आणि तोंडाशी जाळी बसवलीय.

मधला एक आकडा माझ्या अक्षरात आहे. मी दुसरीत असेन. आबा छपरावरून ओरडून संख्या सांगायचे आणि मी खाली पेन्सिल घेऊन उभी. ४ उलटा काढलाय.

लहानपणी ते मला सायकलवर पुढे बसवून नगारखान्याशी नेत. भोसल्यांचा जुना राजवाडा १८६४ च्या आगीत गेला, नगारखाना तेवढा राहिला, हे तिथे उभं राहून सांगत. लाकडावरून हात फिरवल्याशिवाय परतत नसत.

या वर्षीची मोजणी मागच्या शनिवारी झाली: ६१ फुटकी, त्यातली ३९ उत्तर कोपऱ्यात. फळीवर लिहिली, शेवटच्या ओळीखाली.

पुढचं काम ओसरीच्या तिसऱ्या खांबाचं. सागवान वरून ठणठणीत आहे, पण तळखड्यापाशी, म्हणजे खांबाखालच्या दगडापाशी वीतभर वाळवीनं पोखरलंय. मयालीला (वरच्या आडव्या तुळईला) टेकू देऊन तेवढाच भाग कापायचा आणि जुन्याच सागाचा सांधा द्यायचा, असं मिस्त्रींचं मत. टेकू कुठे द्यावा यावर आमचं अजून जमलेलं नाही. पावसात छपराचं वजन वाढतं, म्हणून पोळ्यापर्यंत हात लावणार नाही. तोवर भिंतीवर बारदान आणि सकाळ-संध्याकाळ पाणी.