एकाच छत्रीचा भरवसा
परवा जळगावच्या आमच्या गच्चीवर, जिथे उडदाचे पापड वाळत घालतात तिथे, पुतण्याने आपली बेस जंपिंगची, म्हणजे पूल, कडा अशा स्थिर उंच जागेवरून उडी घेण्याच्या खेळाची, सात कप्प्यांची हवाई छत्री (पॅराशूट) पसरली आणि प्रत्येक दोरी बोटांतून सरकवत तपासली. विमानातून उडी घेणाऱ्याजवळ राखीव छत्री असते. अमेरिकेतील सुमारे १४८ मीटर उंच पेरीन पुलावरून झेपावणाऱ्याला ती उघडण्याइतका अवधीच नसल्याने त्याच्या पाठीवर बहुधा एकच छत्री असते. म्हणून मला सर्वांत महत्त्वाची वाटली ती मुख्य छत्रीला बाहेर ओढणारी लहान पायलट शूट: उडी कमी उंचीची असली की वेग कमी, हवेचा जोर कमी, त्यामुळे ती मोठी, साधारण ४२ ते ४८ इंच व्यासाची लागते. मुख्य छत्रीही नवख्याने लहान, वेगवान घेऊ नये, असे माझे ठाम मत आहे.