तुम्ही विचारलंत म्हणून: ती जुनी सफारी का विकत नाही

"मॅडम, ती जुनी सफारी अजून कशाला ठेवलीय? नवी आलीय की!"

हा प्रश्न मला पाटणच्या पेट्रोल पंपावर विचारला गेलाय, लग्नाच्या पंगतीत विचारला गेलाय, आणि एकदा तर गाभण तपासताना, हात कोपरापर्यंत गाईत असताना. विचारणारा बहुतेक वेळा उत्तरही स्वतःच देऊन टाकतो. "बरोबर आहे म्हणा, तिनं जीव वाचवला तुमचा." मी मान हलवते. पुढचं जनावर उभं असतं, कुठे बोलत बसणार.

आधी माझं ठरलेलं उत्तर. नवी सफारी ही सफारीच नव्हे. जुनीचं कूळ ट्रकवाल्यांचं. टेल्कोनं, म्हणजे आजच्या टाटा मोटर्सनं, १९८८ मध्ये टाटामोबाइल पिकअप काढला. त्याच घराण्यात १९९१ ला सिएरा आली, पाठोपाठ इस्टेट, १९९४ ला सुमो (कंपनीचे माजी अध्यक्ष सुमंत मुळगावकर यांच्या नाव-आडनावाच्या इंग्रजी स्पेलिंगमधली पहिली दोन-दोन अक्षरं, Su आणि Mo) आणि १९९८ ला सफारी. खाली शिडीसारखी लोखंडी चासी, तिच्यावर बॉडी बसवलेली. पहिलीचं दोन लिटरचं इंजिन नव्वदेक अश्वशक्तीचं, त्या धुडाला अपुरंच. २००५ ला तीन लिटरचं डायकॉर हे डिझेल इंजिन आलं, २००७ ला २.२ लिटरचं, १४० अश्वशक्तीचं. माझी त्यातली. २०१०ची, फोर बाय फोर, म्हणजे चारही चाकांना ओढ असलेली, कराडच्या एका कंत्राटदाराकडून जुनीच घेतलेली. २०१२ ला सफारी स्टॉर्म आली, तेव्हा मागच्या दारावरची स्टेपनी गाडीखाली गेली आणि मला उगाचच वाईट वाटलं. लष्करानं २०१७ मध्ये जिप्सीच्या जागी स्टॉर्म निवडली, ३,१९२ गाड्यांची ऑर्डर, तेव्हा मी घरच्यांना सांगत सुटले होते. २०१९ ला सगळं बंद. आणि २०२१ मध्ये टाटांच्याच हॅरियर या गाडीला मागे तिसरी रांग जोडली आणि तिला सफारी म्हणायला लागले. शिडी नाही, मोनोकॉक, म्हणजे बॉडी हाच सांगाडा. ओढ फक्त पुढच्या चाकांना.

हे मी इतक्यांदा आणि इतक्या तावातावानं बोललेय की आता ऐकताना माझीच मला लाज वाटते. कारण काही गोष्टी मी सोयीनं गाळायचे. त्या मोनोकॉकचा पाया लँड रोव्हरच्या डी८ या सांगाड्यावरून घेतलाय, म्हणजे तोही काही ऐऱ्यागैऱ्याचा नाही. २०२३ मध्ये ग्लोबल एनकॅप या संस्थेच्या टक्कर-चाचणीत नव्या सफारीला पाच तारे मिळाले, प्रौढांच्या सुरक्षेत ३४ पैकी ३३.०५ गुण. माझ्या गाडीत एकही एअरबॅग नाही. घाटात समोरून उसाचा ट्रॅक्टर आला तर चासी ट्रकची आहे याचा मला काय उपयोग, ते मला अजून कुणी सांगितलेलं नाही.

तरी विकत नाही. आता ती जीव वाचवल्याची गोष्ट.

२०१६चा आषाढ. मोरणा खोऱ्यातल्या एका वाडीवरून फोन आला, म्हैस अडलीय, रेडकू आडवं आहे. बरोबर तात्या होते. सरकारी दवाखान्यातून पट्टीबंधक म्हणून निवृत्त झालेले, माझ्यापेक्षा जास्त जनावरं पाहिलेले. वाडीच्या अलीकडे ओढ्यावर फरशी, म्हणजे पाण्यालगतचा ठेंगणा पूल. फरशीवरून पाणी चाललेलं, गढूळ, पण फार नाही असं मला वाटलं. तात्या म्हणाले, "थांबू जरा. तासाभरात उतरंल."

मी काय केलं ते नीट सांगते. मी त्यांच्याकडे पाहिलंच नाही. मी डॅशबोर्डवरच्या त्या गोल खटक्याकडे पाहिलं आणि तो फोर-लोवर फिरवला, म्हणजे चारही चाकांना ओढ आणि सगळ्यात ताकदीचा गिअर.

निम्म्यापर्यंत गाडी गेली. मग स्टिअरिंग एकदम हलकं झालं, पॉवर स्टिअरिंगचं असतं त्याहून हलकं. दोन टनांच्या आसपासची गाडी. पण पाणी वजन बघत नाही, आकार बघतं. बंद बॉडी जेवढं पाणी बाजूला सारते तेवढा भार पाणीच उचलून धरतं, चाकांवर थोडाच उरतो. अशा वेळी चारही चाकं फिरली काय आणि दोन फिरली काय, धरायला खाली काही नसतं. मागची बाजू सावकाश, अगदी सावकाश, प्रवाहाकडे सरकायला लागली. पायाखालचं मॅट तरंगलं. तात्यांची एक चप्पल गिअरपाशी आली. इंजिननं पाणी ओढलं आणि बंद पडलं. मागचं चाक फरशीच्या कडेच्या दगडी खुंटाला अडकलं, म्हणून आम्ही थांबलो. गाडीनं काही केलं नाही. खुंटानं केलं.

रेडकू ओढायचे दोर पिशवीत होते. ते आम्ही कमरेला बांधले, एकमेकांना. पलीकडून वाडीतली पोरं कासरे जोडून आली. खिडकीतून आधी मी निघाले. तात्या मागे. त्यांचा हात माझ्या हातातून एकदा सुटला होता. किती वेळ, ते सांगता येणार नाही.

म्हैस वाचली. रेडकू गेलं. तासभर थांबलो असतो तरी कदाचित गेलंच असतं, पण हे मी आजवर कुणालाही पटवू शकलेले नाही, स्वतःलासुद्धा. इंजिन उघडलं तर कनेक्टिंग रॉड वाकलेला. मिस्त्रीनं दीड लाखाचा आकडा सांगितला आणि वर म्हणाला, "सफारी होती म्हणून वाचलात."

तेव्हापासून हेच वाक्य. अहो, छोटी गाडी असती तर मी फरशीवर घातलीच नसती! अलीकडेच थांबले असते, तात्यांनी तंबाखू मळली असती, पाणी उतरलं असतं.

मग विकत का नाही? वरच्या वाड्यांचे रस्ते तसे आहेत, हे एक. उंचावरून गाडी चालवायला मला आवडतं, हे दुसरं, आणि हे मी पूर्वी कधी कबूल केलं नसतं. नव्या मालकाला ती "जीव वाचवणारी गाडी" म्हणून विकली जाईल आणि तोही एखाद्या फरशीवर खटका फिरवेल, असंही वाटतं. पण हे कारण जरा जास्तच शहाणपणाचं आहे, माझाच त्यावर पूर्ण विश्वास नाही. गाडीला पंधरा वर्षं झाली. आरसी, म्हणजे गाडीची नोंदणी, पुन्हा करायची म्हणजे ५,००० रुपये फी, वर पर्यावरण कर, फिटनेसची रांग. हा खर्च मी का करतेय, असं यजमान विचारतात. त्यांना मी चासीचं उत्तर देते.

तात्या त्या दिवसानंतर गाडीत बसलेले नाहीत. कधी बोलले नाहीत, मीही विचारलं नाही. मी गाडीनं जाते, ते रेनकोट घालून मागून त्यांच्या एम-एटी दुचाकीवर येतात. फरशी आली की मी थांबते. ते पुढे होतात, काठी घालून बघतात.

मागच्या आठवड्यात पाणी घोट्याएवढंसुद्धा नसेल. त्यांनी काठी काढली, माझ्याकडे बघून मान हलवली. नाही. मी गाडी मागे घेतली आणि पलीकडच्या मालकाला फोन लावला, की उशीर होईल.

"काय मॅडम," तो म्हणाला, "सफारी आहे ना तुमच्याकडं!"