तुम्ही विचारलंत म्हणून: पहिलं हेलिकॉप्टर बॅटरीवरचं की इंजिनवरचं?

रिमोटचं हेलिकॉप्टर उडवायला शिकायचं ठरवलेला माणूस मला हमखास विचारतो, की पहिलं हेलिकॉप्टर बॅटरीवरचं घेऊ की इंधनावरचं? बॅटरीवरचं घ्या, असं मी आढेवेढे न घेता सांगते. धूर नाही, आवाज कमी, हात तेलकट होत नाहीत ही नेहमीची कारणं खरी आहेत, पण तेवढ्यासाठी कुणी इंजिन सोडावं असं मला वाटत नाही.

माझं कारण वेगळं आहे. नवशिक्याचं हेलिकॉप्टर जमिनीपासून हातभर वर डुगडुगू लागतं, शेपूट एका बाजूला ओढ घेते, तेव्हा चुकतंय कुठे हे त्याला कळायला हवं. हात चुकतोय, जोडणी चुकली आहे, की इंजिन? बॅटरीच्या हेलिकॉप्टरात स्पीड कंट्रोलर, म्हणजे मोटरचा वेग सांभाळणारं यंत्र, गव्हर्नर मोडवर (वेग आपोआप कायम राखण्यावर) ठेवला की पात्यांचे फेरे जवळपास स्थिर राहतात. तिघांपैकी एक शक्यता तिथेच बाद होते. इंजिनात इंधन आणि हवेचं मिश्रण जरा बिघडलं की फेरे बदलतात, त्याबरोबर हेलिकॉप्टरच्या अंगाला बसणारा उलटा पीळ बदलतो आणि तो सावरताना शेपूट आपोआप सरळ धरणाऱ्या गायरोची धांदल उडते. मुरलेला माणूस हे नुसत्या आवाजावरून ओळखतो. नवा माणूस आपल्या अंगठ्यांना दोष देत बसतो, किंवा दोष अंगठ्यांचा असताना कार्ब्युरेटरची, म्हणजे इंजिनात इंधन किती जावं हे ठरवणारी, सुई पिळत बसतो.

त्या सुईबद्दल थोडं सांगायलाच हवं, कारण नायट्रोची, म्हणजे या छोट्या इंधनावरच्या इंजिनाची, सगळी विद्या तिच्यात आहे. नायट्रोचं इंधन म्हणजे मिथेनॉल, नायट्रोमिथेन आणि तेल. ठिणगी पाडणारा प्लग इथे नसतो. ग्लो प्लगमधली प्लॅटिनमची बारीक तार सुरुवातीला बाहेरून दीड व्होल्ट देऊन तापवायची. इंजिन लागलं की मिथेनॉल आणि प्लॅटिनम यांच्या प्रक्रियेमुळेच ती तापलेली राहते. सुईने इंधन जास्त सोडलं तर इंजिन जड चालतं आणि दाट धूर सोडतं. कमी सोडलं तर आधी ताकद वाढल्यासारखी वाटते, पण इंजिनाला लागणारं तेल इंधनातूनच येत असल्यामुळे ते तापतं आणि आतून खरवडलं जातं. इंजिन मंद चालत असताना कार्ब्युरेटरजवळ इंधनाची नळी चिमटीत दाबून ऐकायचं असतं: दोन-तीन सेकंद चालून, किंचित वेग घेऊन बंद पडलं तर मंद गतीसाठी असलेली वेगळी सुई ठीक आहे, लगेच विझलं तर इंधन कमी पडतंय. हवा बदलली की पुन्हा कान लावायचा. मला हे फार आवडतं. पण ही एक वेगळीच कला आहे, आणि हॉवर, म्हणजे हेलिकॉप्टर हवेत एका जागी धरणं, शिकताना तिचा भार नको.

१९७० च्या सुमाराला जर्मनीत डीटर श्ल्यूटर यांनी रेडिओवरचं हेलिकॉप्टर नीट ताब्यात ठेवून उडवून दाखवलं. त्यानंतर कितीतरी वर्षं जवळजवळ सगळे जण इंजिनावरच शिकले. दुसरा मार्गच नव्हता. निकेल-कॅडमियमच्या बॅटऱ्या फार जड होत्या. हलक्या लिपो (लिथियम-पॉलिमर) बॅटऱ्या आणि ब्रशलेस मोटर आल्यावर ही अडचण संपली.

बॅटरीचा सर्वात मोठा तोटा म्हणून वेळ सांगितला जातो. एका बॅटरीवर पाचेक मिनिटं उडतं, आणि सावकाश चार्जिंगला तासभर जातो. नायट्रोची टाकी मिनिटभरात भरून पुन्हा उडता येतं, हे खरं. पण सुरुवातीला पाच मिनिटांत अंगठे आखडतात आणि नजर दमते. त्यापुढचं उडणं बहुधा पाती मोडण्यातच जातं. दोन-तीन बॅटऱ्या ठेवा. प्रत्येक सेल ४.२ व्होल्टच्या वर चार्ज करू नका, साडेतीनच्या खाली उतरवू नका, आणि काही दिवस उडवणार नसाल तर ३.८ च्या आसपास ठेवा. फुगलेली बॅटरी पुन्हा वापरायची नाही, चार्जिंगला लावून घराबाहेर जायचं नाही.

बॅटरीचा खरा धोका मला दुसरीकडे दिसतो. नायट्रो इंजिन मंद चालत असताना क्लच सुटलेला असतो, पाती उभी राहतात, आणि आवाजामुळे माणूस आपोआप सावध असतो. इलेक्ट्रिक हेलिकॉप्टर बॅटरी जोडल्यावर गप्प बसलेलं असतं, पण चुकून रिमोटच्या काठीला धक्का लागला तरी ते पूर्ण ताकदीने फिरू शकतं. म्हणून टेबलावर जोडणी करताना मोटरचा पिनियन (तिच्या दांड्यावरचं छोटं दातेरी चाक) मुख्य गिअरपासून सरकवून ठेवा. मैदानात थ्रॉटल होल्ड, म्हणजे रिमोटवरचं मोटर बंद ठेवणारं बटण, लावल्याशिवाय बॅटरी जोडू नका. कोसळताना तर ते बटण सर्वात आधी दाबायचं, नाहीतर अडकलेली मोटर जोर करतच राहते आणि स्पीड कंट्रोलर जळतो.

आकाराबद्दल एवढंच, की तळहाताएवढं घेऊ नका, वाऱ्यात ते थाऱ्यावर राहत नाही. ३२५ मिलिमीटर पात्यांचं, म्हणजे ४५० वर्गातलं, हे माझ्या मते खालचं टोक. त्याआधी सिम्युलेटरवर हात बसू द्या.

तुमच्याशेजारी उभं राहून इंजिन लावून देणारा कुणी जाणकार असेल, तर नायट्रोने सुरुवात करायलाही माझी हरकत नाही. एरवी नाक तुमच्याकडे असताना बॅटरी संपेपर्यंत हेलिकॉप्टर एका जागी धरता येऊ लागलं की खुशाल नायट्रो घ्या. तेव्हा हात आपलं काम करत असतात आणि कान इंजिनाकडे देता येतो. चार्जर मात्र काढून टाकू नका. नायट्रोतही रिमोटचा संदेश घेणाऱ्या रिसीव्हरला आणि पात्यांचे कोन बदलणाऱ्या सर्व्होंना बॅटरी लागतेच.